भोपळ्याची तीट

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दरवर्षी माझ्याकडे लेख मागतात आणि दरवर्षी मी पाठदुखीचं कारण सांगतो. यंदा पाठ खरोखरच दुखते आहे, तरी लिहितो आहे, कारण मला एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. ब्रिस्टलमधल्या जुन्या मराठी घरांत ती बहुतेकांनी ऐकलेली आहे. आमच्या बाबांच्या भोपळ्याला एका इंग्रज शेजाऱ्यानं डांबर फासलं आणि त्यांच्या तोंडचं पहिलं बक्षीस पळवलं, ती गोष्ट. बाबांनी ती सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर घरोघर वाटलेली आहे. ती ऐकून ज्यांनी हळहळ व्यक्त केली, त्यांनी कृपया ती परत घ्यावी. त्या शेजाऱ्यानं काही केलं नव्हतं. जे केलं ते मी.

पण आधी भोपळ्याबद्दल.

बाबा विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होते. पुण्याहून आम्ही इथे आलो तेव्हा मी जेमतेम शाळेच्या वयाचा होतो. इथे कोथिंबीर मिळत नाही, या एका दुःखावर आईबाबांचं कायम एकमत असे. त्यावर उपाय म्हणून बाबांनी कौन्सिलकडून अलॉटमेंट घेतली. घरापासून थोड्या अंतरावर कुंपणाच्या आत जमिनीचे पट्टे आखलेले असतात, त्यातला एक भाड्यानं मिळतो आणि माणूस शनिवार-रविवार शेतकरी होतो. शेजारच्या पट्ट्यावर बसडेपोत मेकॅनिक असलेले एक गृहस्थ होते. डोक्यावर कायम चपटी टोपी. झोपतानाही ते ती काढत नसावेत, असा आईचा अंदाज होता. बाबांनी त्यांचं नाव टोपीकर ठेवलं. पेशवाईपासून पुण्यात इंग्रजाला हेच म्हणत आले आहेत, असं ते वर ऐकवत. टोपीकरांना माझ्याच वयाची एक मुलगी होती. ती वडिलांच्या मागे मागे बादली घेऊन फिरायची आणि गांडुळं हातात धरायची. मी धरत नसे, म्हणून ती मला हसायची.

बाबांचा या देशात एकच इंग्रज मित्र झाला, तो म्हणजे टोपीकर. कारखान्यात सहकारी होते, पण त्यांच्याशी बोलणं हवामानापुरतं. टोपीकरांशी ते तासन् तास बोलत, तेही निव्वळ शेणखताबद्दल. टोपीकरांनीच त्यांना मॅरो लावायला शिकवला. मॅरो म्हणजे इथला लांबट हिरवा भोपळा, आपल्या दुधीचा जाडजूड चुलतभाऊ. चवीला काही नाही, पण असा फुगत जातो की बघत राहावं. इंग्रज माणूस तो खाण्यासाठी कमी आणि दुसऱ्याच्या मॅरोशेजारी ठेवून बघण्यासाठी जास्त लावतो. देठात लोकरीचा धागा ओवून त्यातून भोपळ्याला साखरेचं पाणी पाजायचं, ही विद्याही टोपीकरांचीच.

"अहो, त्याला साखर चालते," आई म्हणायची. "मी चहात दुसरा चमचा घातला की तुम्हाला माझं वजन आठवतं."

पुढे जमिनीचा ओलावा लागू नये म्हणून बाबांनी तिची जुनी साडी नेली, झोळी केली आणि भोपळा त्यात झोपवला. माझी बहीण त्याच वसंतात जन्मली होती. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "बाळंतपण माझं झालं आणि शेकशेगडी भोपळ्याची!"

दर ऑगस्टमध्ये आमच्याकडे काउंटी शो भरे, अजूनही भरतो. जत्राच ती, फक्त देवाच्या जागी गाय. शांपूनं धुतलेल्या गाई, पावडर लावलेली डुकरं, शिंगांना तेल चोपडलेले मेंढे, आणि त्यांच्यामागे त्यांच्याइतके न सजलेले मालक. एका टोकाला भाज्यांचा लांबलचक पांढरा तंबू. त्यात स्पर्धेच्या भाज्या मांडायच्या, परीक्षकांनी त्या पाहायच्या आणि दुपारी लोकांना आत सोडायचं. ज्यांचे आईबाप भाज्या मांडत, त्यांच्या मुलांना तंबूच्या मागच्या भागात कामाला लावत. पाण्याच्या बादल्या आणायच्या, गाजरं उभी करायला पेट्यांमध्ये वाळू भरायची, टेबलाखालची माती झाडायची. सलग दोन वर्षं मी आणि टोपीकरांची मुलगी हे काम करत होतो. ही गोष्ट दुसऱ्या वर्षीची, म्हणून मी स्वतःला जुनाजाणता समजत होतो.

त्या कनातीमागे मी जो इंग्लंड पाहिला, तो शाळेत कुणी शिकवला नाही. पुढच्या बाजूला सगळे एकमेकांना "किती सुंदर, किती सुंदर" म्हणत. मागे एक बाई नखं कापायच्या कात्रीनं कांद्याच्या शेंड्या छाटत होत्या आणि प्रत्येक कांद्याला "सरळ बस" म्हणून दटावत होत्या. रविवारी चर्चमध्ये क्षमेवर प्रवचन देणारे गृहस्थ शेजाऱ्याच्या वाटाण्यांकडे असे बघत होते की ते वाटाणे जागेवर सुकावेत. एक आजोबा टोमॅटोवर थुंकून तो बाहीला घासून चमकवत होते. आम्ही बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी आम्हाला एकेक पेपरमिंट दिलं. आम्ही ते खाल्लं आणि गप्प बसलो. लाच ही गोष्ट मी भारताबाहेर आल्यावर शिकलो.

त्या सकाळी बाबांचा भोपळा ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणला गेला. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला टोपीकर. टोपीकरांचा स्वतःचा भोपळाही होता, पण ते आधी आमचा उचलायला आले. "हळू, हळू, पायरी आहे," असं ते म्हणत होते आणि बाबा "तुम्ही तुमचे पाय बघा" म्हणत होते. दोघांनी तो टेबलावर ठेवला, दोन पावलं मागे झाले आणि एखाद्या नव्या जावयाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिले. टोपीकर म्हणाले, "या वर्षी तूच." बाबा म्हणाले, "छे छे, तुमचाच." दोघांनाही ठाऊक होतं की टोपीकर बरोबर आहेत. आमचा भोपळा त्यांच्यापेक्षा वीतभर लांब होता आणि त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

मग लोक येऊ लागले. कांदेवाल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "काय देखणा आहे!" प्रवचनवाले गृहस्थ आले, त्यांनी त्यावरून हात फिरवला आणि उसासा टाकला. तंबूची व्यवस्था पाहणाऱ्या मुख्य बाईंनी तर मैत्रिणीला हात धरून आणलं. "असा मी आयुष्यात पाहिला नाही." मी त्यांच्या आणि भोपळ्याच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

का, ते मराठी वाचकाला सांगायला नको. आमच्या घरात बाळाचं कुणी एवढं कौतुक केलं असतं तर आईनं तिथल्या तिथे मीठमोहऱ्या शोधल्या असत्या. बसमध्ये एखादी इंग्रज बाई बहिणीकडे बघून "लव्हली" म्हणाली, की आई गोड हसायची आणि घरी पोचताच दृष्ट काढायची. बहिणीच्या गालावर कायम काजळाची ठसठशीत तीट असायची. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ. आणि इथे तंबूभर लोक भोपळ्याकडे एकटक बघत होते, वाखाणत होते, हात लावत होते, आणि त्याला तीट नव्हती. बाबा इंजिनिअर होते. त्यांना साखरेचं पाणी सुचलं, हे सुचलं नाही.

तेवढ्यात घंटा वाजली. परीक्षणाच्या वेळी ज्यांच्या भाज्या आहेत त्यांनी बाहेर जायचं असतं. बाबा आणि टोपीकर गेले. मुलीला पाण्याला पाठवलं होतं. मी कनातीखालून सरपटत बाहेर आलो. आई चहाच्या तंबूपाशी कुणाशी तरी बोलत होती, बाबागाडी तिच्या पाठीमागे उभी होती. बहीण झोपली होती. मी तिच्या गालावर बोट घासलं, सगळं काजळ बोटावर घेतलं आणि तसाच आत आलो. दिसेल अशा जागी लावायचं नाही, एवढी अक्कल मला होती. पाहुणे येणार असले की आई बाळाच्या कानामागे लावायची. भोपळ्याला कान नसतो, म्हणून मी देठाजवळ, खालच्या अंगाला एक छान गोल तीट लावली. हातून उत्तम काम झाल्याचं समाधान मला तसं आयुष्यात फार कमी वेळा मिळालं आहे.

परीक्षक पांढरा कोट घालून आले. टोपीकरांच्या भोपळ्यापाशी थांबले, मान हलवली. आमच्यापाशी आले आणि चष्मा पुसला. मी आणि टोपीकरांची मुलगी कनातीच्या फटीला डोळा लावून उभे होतो. तिनं मला कोपरानं ढोसलं, "तुमचाच." मग परीक्षकांनी भोपळा दोन्ही हातांनी उचलून पालथा केला.

त्यांच्या कोटाच्या बाहीवर काळा पट्टा उठला.

"पॉलिश," ते म्हणाले. "बुटाचं पॉलिश! नाहीतर डांबर. डाग लपवलाय कुणीतरी."

नियम असा होता की भाजीवर कसलीही खूण, रंग किंवा लेप नको. मुख्य बाईंनी आम्हा दोघांना पुढे बोलावलं आणि विचारलं, "याला कुणी हात लावला?" मुलीनं नकारार्थी मान हलवली. खरी. मीही हलवली. उजवा हात मी पाठीमागे धरला होता.

भोपळ्यापुढे 'नियमबाह्य' असं छापलेलं कार्ड लागलं. दुपारी लोक आत आले तेव्हा कुजबुज सुरू झाली, की त्या इंडियन इंजिनिअरनं भोपळ्याला पॉलिश केलं. परीक्षेत भोपळा मिळवणं सोपं असतं हो, पण भोपळाच परीक्षेत नापास झालेला बघायचं बाबांच्या नशिबी आलं. ते कार्डापुढे उभे राहिले, वाकून तो काळा डाग पाहिला आणि सरळ झाले. टोपीकर लगबगीनं आले. त्यांच्या हातात पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड होतं, ते त्यांना ठेवायला सुचलंच नव्हतं. "हे चुकीचं आहे, मी सांगतो त्यांना, तुझाच मोठा होता," असं काहीतरी ते बोलत होते. बाबा त्यांच्या बोटांकडे बघत होते. टोपीकरांनी त्याच आठवड्यात आपल्या शेडच्या छपराला डांबर लावलं होतं आणि नखांच्या कडांमध्ये ते अजून होतं.

"अभिनंदन," बाबा म्हणाले. टोपीकरांशी ते बोललेला तो शेवटचा शब्द.

आईला मात्र कळलं असावं. घरी जाताना तिनं माझा उजवा हात धरला, बोट पाहिलं, बहिणीच्या पुसलेल्या गालाकडे पाहिलं आणि पदराचं टोक ओलं करून माझं बोट स्वच्छ केलं. तिनं बाबांना कधी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आधी मार बसेल म्हणून, नंतर उशीर झाला म्हणून, आणि त्यानंतर एवढा उशीर झाला म्हणून की आता काय सांगायचं.

दुसऱ्या वर्षी वसंतात आमच्या पट्ट्याच्या कडेला मातीच्या कुंडीत मॅरोचं एक रोप ठेवलेलं दिसलं. चिठ्ठी नाही, काही नाही. टोपीकर आपल्या बाजूला पाठमोरे होऊन खणत होते. बाबा म्हणाले, "बघ, चोराच्या मनात चांदणं." आणि रोप लावून टाकलं. मग दर वसंताला एक रोप येत राहिलं. बाबा लावत राहिले, आभार मानत नव्हते. भोपळा उत्तम होई आणि बाबा तो कधीही शोला नेत नसत. रिकामं भांडं परत करायचं नाही, म्हणून आई दिवाळीत त्या कुंडीत चिवड्याची पुडी ठेवून माझ्या हाती पाठवी. टोपीकर टोपीला हात लावत, पुडी घेत आणि माझ्याकडे असे बघत की जणू मी काही विचारणार आहे. मी पळून येत असे. हे टोपीकर जाईपर्यंत चाललं. त्यांच्या अंत्ययात्रेला आई गेली. बाबांना त्या दिवशी सर्दी झाली.

आता या वर्षीची गोष्ट. बाबांनी नव्वदी कधीच ओलांडली आहे. ते बहिणीकडे असतात, कान अधू झाले आहेत, पण स्मरण असं की समोरच्यानं घाबरावं. अलॉटमेंटवरचं टोपीकरांचं जुनं सफरचंदाचं झाड वादळात पडलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याच्या लाकडाचा, टोपीकरांच्या नावाचा बाक करायचं ठरवलं. टोपीकरांची मुलगी आता माझ्यासारखीच सत्तरीची आहे. वडिलांचा पट्टा तीच करते आणि शोमध्ये भाज्यांच्या तंबूची मुख्य व्यवस्थापकही तीच आहे. तिनं बहिणीला फोन केला, "माझ्या बाबांना ओळखणारे तुझेच बाबा उरलेत. बाकाच्या वेळी दोन शब्द बोलतील का?"

बाबा ताबडतोब हो म्हणाले. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला.

"दादा, प्रॉब्लेम आहे. बाबा स्पीचची प्रॅक्टिस करतायत. बाथरूममध्ये. मी दारातून ऐकली. ते सगळ्यांसमोर डांबराचं सांगणार आहेत."

"सगळ्यांसमोर? तिच्यासमोर?"

"म्हणे, मेल्यावर माणूस बाकावर बसला म्हणून त्याची हिस्टरी बदलत नाही. दादा, तू ये आणि त्यांना समजाव. त्या माणसाच्या मुलीला किती वाईट वाटेल!"

मी गेलो. बाबा पोहे खात होते. बहीण शेजारी उभी होती. मी खुर्ची ओढली आणि साठ वर्षं ज्याची जुळवाजुळव केली होती ते वाक्य एका दमात बोलून टाकलं.

"थांब," बाबा म्हणाले. "मशीन कानात घालू दे."

त्यांनी ते शोधलं, घातलं, ते शिट्टी मारू लागलं, काढून पुन्हा घातलं. पापाची कबुली द्यायला माणूस एकदा धीर करू शकतो. दुसऱ्यांदा, मोठ्यानं आणि शब्द सुटे सुटे करून देणं ही वेगळीच शिक्षा आहे.

"बाबा! भोपळ्याला डांबर नव्हतं. काजळ होतं. तीट. मी लावली. दृष्ट लागू नये म्हणून."

आधी बहीणच बोलली. "कुणाचं काजळ?"

"तुझं. तुझ्या गालावरचं."

"माझी तीट काढून तू भोपळ्याला लावलीस? आई सांगायची, त्या शोला मी दिवसभर रडले, अंगावर ओकले, रात्री ताप आला, कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून! ऑनेस्टली, दादा! भोपळा बहिणीपेक्षा इंपॉर्टंट?"

"तू तेव्हा एवढी देखणी नव्हतीस," मी म्हणालो. ती सांडशी शोधू लागली.

बाबांनी पोहे संपवले. ताटलीत लिंबाची फोड उरली होती, तीही चोखली. मग म्हणाले, "म्हणजे ओल्या फडक्यानं निघालं असतं."

"हो."

"तो परीक्षक गाढव होता. पुसून बघायला हवं होतं. डांबर फडक्यानं निघत नाही, काजळ निघतं. साधी चाचणी आहे." त्यांनी ताटली बाजूला सारली. "मीही पुसून बघितलं नाही."

मग त्यांनी यंत्र कानातून काढून टेबलावर ठेवलं. याचा अर्थ आज बोलणं संपलं, हे आम्हा दोघांनाही कळतं. पुढचे काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बहिणीला फक्त एवढंच म्हणाले, की दर वर्षी तो रोप ठेवत होता आणि मी त्याला गुड मॉर्निंगसुद्धा म्हणालो नाही. बहीण सांगते, ते म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते आणि बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

ते भाषण करणार की नाही, केलं तर काय, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बाकाच्या दिवशी मी चहाच्या टेबलामागे उभा राहिलो. कप भरायला मदत म्हणून असं मी सांगितलं. पंधरावीस माणसं जमली होती. टोपीकरांच्या मुलीनं वडिलांची टोपी आणून बाकाच्या पाठीला अडकवली होती. बाबांची चाकाची खुर्ची बाकासमोर नेली. त्यांनी घसा साफ केला.

"या माणसाबद्दल मला एक गोष्ट सांगायची होती," ते इंग्रजीत म्हणाले. "अनेक वर्षं मी ती पाठ केली आहे. उत्तम भाषण आहे. पण गेल्या आठवड्यात कळलं की ते चुकीच्या माणसाबद्दल आहे. माझ्या भोपळ्याला काळं यानं केलं नव्हतं. ते डांबर नव्हतंच, बाळाचं काजळ होतं. ज्यानं केलं तो तिथे चहाच्या भांड्यामागे लपला आहे. त्याचं वय बघू नका, त्याला आजही पाठीमागे हात धरून उभं राहायची सवय आहे." लोक हसले. मी हात पुढे घेतले. मग बाबा टोपीकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि रोपांबद्दल, थँक यू. सगळ्या रोपांबद्दल."

सगळे टाळ्या वाजवत होते. टोपीकरांची मुलगी वाजवत नव्हती. ती टेबलापाशी आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काजळ?" ती म्हणाली.

"हो. बहिणीचं."

"तुला माहीत आहे, आमच्या घरी काय झालं?" ती हळू बोलत होती. "तंबूत आपण दोघंच होतो. माझ्या बाबांना वाटलं, मी केलं. ते जिंकावेत म्हणून. पुढच्या वर्षी त्यांनी मला तंबूत येऊ दिलं नाही. मी बाहेर मेंढ्यांपाशी बसले. मी सांगत राहिले, मी नाही केलं. शेवटी शेवटी ते म्हणायचे, जाऊ दे, माझ्यावर प्रेम होतं म्हणूनच केलंस ना. माफ केलं होतं मला. आयुष्यभर. जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल." तिनं टोपीकडे पाहिलं. "ती रोपं माझ्या त्या न केलेल्या गुन्ह्याची भरपाई होती."

इतक्या वर्षांत मी एकाच माणसावरचा अन्याय मोजत आलो होतो. तिथे उभं राहून कळलं की माणसं दोन होती, आणि दुसरी माझ्याबरोबर त्याच फटीला डोळा लावून उभी होती. मी सॉरी म्हणालो. इंग्रजीत हा शब्द फार लहान आहे. बसमध्ये पाय लागला तरी तोच लागतो. मी तो पुन्हा म्हणालो.

तिनं माझ्या हातातला कप घेतला, त्यातला चहा पाहिला आणि म्हणाली, "हा फारच पांचट केला आहेस. ऑगस्टमध्ये तू तंबूत येणार आहेस. बादल्या आणायला, वाळू भरायला. मला माणसं कमी आहेत."

"माझी पाठ..."

"मी त्या वर्षी दिवसभर मेंढ्यांपाशी बसले होते," ती म्हणाली.

तेव्हा ऑगस्टमध्ये मी गेलो. तंबू नवा आहे, मागचा भाग मात्र तसाच. वाळू, ओलं वर्तमानपत्र, आणि एक तरुण गृहस्थ कुणी बघत नाही असं समजून टोमॅटोला बाहीनं चमकवत होते. त्यांनी मला पेपरमिंट दिलं नाही. दिवस बदलले. बाबांनी बी राखून बहिणीच्या बागेत वाढवलेला, त्याच रोपांच्या वंशातला एक भोपळा दिला होता. फार मोठा नव्हता, पण नितळ होता. बहिणीनं आणि मी तो ब्लँकेटमध्ये आणून टेबलावर ठेवला. घंटा वाजली, बाकीचे बाहेर गेले, बाबांची खुर्ची बहिणीनं कनातीबाहेर लावली. परीक्षक यायच्या आधी टोपीकरांची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हात दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. तिनं चष्मा लावून बोटं पाहिली, उलटी केली, पुन्हा पाहिली. मग खिशातून ओलं फडकं काढलं आणि माझ्या उजव्या बोटावरून एकदा फिरवलं. काही निघालं नाही.

"डावं बोटही बघ म्हणावं," कनातीच्या फटीला डोळा लावलेल्या बाबांचा पलीकडून मोठा आवाज आला. तिला मराठी कळत नाही, पण तिनं डावं बोटही पुसलं.